उत्तरेचा बाण

पाचवीनंतर सहावी येते, हे मला माहीत होतं. सहावी कुठल्या हाताला येते, हे काही केल्या सांगता येईना.

२०२२ चा मार्च, दुपारचे दोन. राजारामपुरीतल्या पाचव्या गल्लीच्या तोंडाशी मी स्कूटर लावून उभी होते. ऑफिस आठव्या गल्लीत, आणि त्या ऑफिसात मी अकरा वर्षं कामाला. राजारामपुरीइतका सोपा भाग अख्ख्या कोल्हापुरात नाही. मधून मोठा रस्ता आणि त्याला ओळीनं गल्ल्या. गल्ल्यांना नंबर. पहिली, दुसरी, तिसरी. शुक्रवार पेठेतल्या बोळात कुणी चुकलं तर समजू शकतं, पण राजारामपुरीत चुकणं म्हणजे शिडीवर वाट चुकण्यासारखं आहे. वर जायचं किंवा खाली. तिसरी वाटच नाही.

सगळं ओळखीचं होतं, हे मुद्दाम सांगते. कोपऱ्यावरचं मेडिकल ओळखीचं, समोरची बेकरी ओळखीची, पाटीवरचा ‘५ वी गल्ली’ हा मजकूर मला नीट वाचता येत होता. चक्कर नव्हती, अंधारी नव्हती. फक्त या सगळ्या ओळखीच्या गोष्टी एकमेकींना धरून नव्हत्या. पत्त्यांचा कॅट कुणीतरी जमिनीवर पसरून ठेवावा, तशा त्या पडल्या होत्या.

मग मी जे केलं ते सांगायला अजून लाज वाटते. ऑफिसच्या पोराला फोन केला. म्हटलं, झेरॉक्सचं ओझं जास्त झालंय, पाचवीच्या कोपऱ्यावर ये. तो आला, चार कागद बघून त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि काही न बोलता ते आपल्या गाडीला अडकवले. मी त्याच्यामागून गेले. आठवी गल्ली तीन मिनिटांवर होती.

मी ड्राफ्ट्समन. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर ‘आरेखक (स्थापत्य)’ असं लिहिलंय, बाई असो की पुरुष. घर अजून जमिनीवर उभंही राहिलेलं नसतं तेव्हा ते वरून कसं दिसेल हे बघणं, हेच माझं काम. प्लॅन म्हणजे काय, तर जमिनीपासून मीटरभर उंचीवर घर सुरीनं आडवं कापायचं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि आत डोकवायचं. भिंती, दारं, जिन्याच्या पायऱ्या, संडासाचं भांडं. मग कागदाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण. गिऱ्हाईक हॉल बघायच्या आधी तो बाण बघतं, कारण स्वयंपाकघर आग्नेयेला आलं पाहिजे. किती घरांच्या कोपऱ्यात मी तो बाण काढला असेल, हिशेब नाही.

आणि हे सगळं कोल्हापुरात, जिथे पत्ता सांगायला आधी इतिहास यावा लागतो. गंगावेस आहे, पण वेस नाही. कपिलतीर्थ आहे, तीर्थ नाही. तिथे भाजी मिळते. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. कावळा नाक्याचा ताराराणी चौक होऊनही रिक्षावाला विचारतो, “म्हंजे कावळा नाकाच न्हवं?” बाहेरून आलेला माणूस इथे वैतागतो. मला मात्र याची कधी अडचण झाली नव्हती. गावाचं छप्पर उचलून बाजूला ठेवलेलं चित्र माझ्या डोक्यात कायम तयार असायचं. मिरजकर तिकटीला उभं राहून पंचगंगा कुठल्या अंगाला, रंकाळा कुठल्या, विद्यापीठ कुठल्या, हे मी डोळे मिटून बोट दाखवून सांगायचे. नवऱ्याला याचं भारी कौतुक. लग्न झाल्यावर चार वर्षं तो पाहुण्यांना हा खेळ करून दाखवायला लावायचा.

आजाराची सुरुवात मात्र डोळ्यापासून झाली. २०१६ च्या सप्टेंबरात उजवा डोळा दुखायला लागला, हलवला की जास्त. लाल रंग विटकरी दिसायला लागला. डोळ्याच्या डॉक्टरांनी नसेला सूज आहे असं सांगितलं, औषधं दिली, पाच-सहा आठवड्यांत बरं वाटलं. विषय मिटला. आणि नरक चतुर्दशीला पहाटे कढत पाण्यानं अभ्यंगस्नान करून मी बाहेर आले, तर त्याच डोळ्यापुढं धुकं. पाऊण तासात गेलं. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, “उटणं गेलं असंल डोळ्यात.” मलाही पटलं.

ते उटणं नव्हतं. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० सालीच ते नोंदवून ठेवलंय. त्याला दिसलं की अशा पेशंटांची नजर श्रमानंतर तात्पुरती मंदावते. पुढं कळलं की खरं कारण अंगातली वाढलेली उष्णता. मज्जातंतूवरचं मायलिनचं वेष्टण निघालं, की तो तंतू कसाबसा निरोप पोचवत असतो. अंग थोडं जरी तापलं तरी तेवढंही जमत नाही. अंग निवलं की पुन्हा चालू. एमआरआय यायच्या आधी डॉक्टर निदानासाठी पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे म्हणे. आमच्याकडं ही तपासणी दिवाळीत फुकट झाली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कमरेपासून खाली मुंग्या आल्या, तेव्हा एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढलं, पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड चढलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. घरात याचं लगेच ‘एमएस’ झालं आणि पाहुण्यांत त्याची फार गंमत झाली. माझ्या मामीला वाटलं मी एमएस-सीआयटी करतीय. “ह्या वयात कॉम्प्युटर शिकतीस? बरं केलंस की.” मी हो म्हटलं. हा आजार समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आजार काय करतो, ते एका वाक्यात सांगते. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मायलिनवर उठते, आणि जिथे जिथे हल्ला होतो तिथे वण राहतात. मायलिन शाबूत असेल तर काही तंतूंतून निरोप सेकंदाला शंभर मीटरच्या घरात धावतो. ते गेलं की तो रेंगाळतो किंवा वाटेतच थांबतो. माझ्या एमआरआयच्या फिल्मवर असे बरेच पांढरे ठिपके होते. मी ती फिल्म खिडकीवर धरून प्लॅन वाचावा तशी वाचायला बघितली. कोपऱ्यात उत्तरेचा बाण नव्हता.

पाच वर्षं मला तपासणीला जाताना एकच चिंता असायची, पायांची. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारायचे, तळव्यावर रेघ ओढायचे, सरळ रेषेत चालायला लावायचे, डोळ्यापुढं बोट फिरवायचे. मी पास व्हायचे. राजारामपुरीची गोष्ट मी सांगितली नाही आणि त्यांनी विचारली नाही. दोघांचीही चूक म्हणायला हरकत नाही, पण माझी थोडी कमी धरा. गल्ली सापडत नाही हे मेंदूच्या डॉक्टरला सांगायचं लक्षण असतं, हे मला कुठून माहीत असणार? बायका रस्ता चुकतात, हा तर आमच्याकडं विनोद आहे.

खरं म्हणजे हे नवं नाही. १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात शार्कोनं या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. या पेशंटांची आठवण मंदावते आणि विचार सावकाश जुळतात, हेही त्यानं टिपलं होतं. पण पुढे लक्ष गेलं ते पायांकडंच. आजार किती पुढं गेलाय हे सांगायला डॉक्टर १९८३ सालची कुर्ट्झकेची मोजपट्टी वापरतात, शून्य ते दहा. चारच्या पुढं ती मुख्यतः एकच गोष्ट विचारते, आधाराशिवाय किती चालता येतं. कुठं चालता येतं, हे ती विचारत नाही. प्रत्यक्षात एमएसच्या ४० ते ६५ टक्के माणसांच्या विचारशक्तीवर कमीजास्त परिणाम होतो, आणि तो पाय ठणठणीत असतानाही होऊ शकतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. त्या आधारावर मी एके ठिकाणी प्रमाणपत्रासाठी गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी मला दारापासून खुर्चीपर्यंत येताना बघितलं आणि म्हणाले, “चालताय की चांगलं.” मी म्हटलं, “हो. पण परत जाताना दार कुठलं ते सांगा.” त्यांना वाटलं मी टोमणा मारला. त्या इमारतीला एकसारखी तीन दारं होती हो!

राजारामपुरीनंतर दोन महिन्यांनी कामावर एक गोष्ट घडली आणि मग लपवता आलं नाही. साइटवरून मिस्त्रीचा फोन आला. “मॅडम, जिना भिंतीत चाललाय.” मी प्लॅन उघडला. बरोबर दिसत होता. साहेबांनी उघडला आणि गप्प झाले. वरच्या मजल्याचा जिना मी आरशात बघितल्यासारखा काढला होता, डाव्याचा उजवा. त्यांनी मला दाखवला, बोट ठेवून दाखवला, तरी मला दिसायला बराच वेळ लागला. चूक कुणाकडूनही होते. पण चूक दाखवल्यावर ती दिसत नाही, असं माझ्या हातून अकरा वर्षांत झालं नव्हतं. त्या रात्री मी नवऱ्याला पाचव्या गल्लीचं सांगितलं. जुलैत आम्ही पुण्याला एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडं गेलो.

तिथल्या दोन परीक्षा मला आयटीआयच्या प्रॅक्टिकलपेक्षा जास्त लक्षात आहेत. पहिल्या कागदावर वर नऊ चिन्हं आणि त्यांच्याखाली एक ते नऊ आकडे. खाली नुसत्या चिन्हांच्या रांगा. बघायचं आणि आकडा बोलायचा, नव्वद सेकंद. इतकी सोपी परीक्षा की अपमान वाटावा. तिसऱ्या रांगेच्या मध्ये कुठेतरी बाईंनी “थांबा” म्हटलं. मला वाटलं त्यांचं घड्याळ पुढं आहे.

दुसरी परीक्षा बघून मी मनात हसले. सहा बाय सहा चौकटींचा पट, त्यावर दहा सोंगट्या. दहा सेकंद बघायचं, मग रिकाम्या पटावर तशाच मांडायच्या. हे तर कॉलम लेआउट. इमारतीचे खांब कुठं येणार, ते दाखवणारी जाळी. मी आयुष्यात दुसरं केलंय काय? दहा सेकंद नीट बघितलं, खात्रीनं मांडलं. बाईंनी मूळ कागद शेजारी ठेवला. माझी आकृती पुष्कळशी तीच होती, पण अख्खी एक घर डावीकडं सरकलेली, आणि दोन खांब हवेत. पुन्हा दाखवलं, पुन्हा मांडलं. तीनदा. तिसऱ्या वेळी मी खांब न बघता मनात आकडे पाठ केले, दुसऱ्या रांगेत चौथं, तिसऱ्या रांगेत पहिलं, आणि तेव्हा बऱ्यापैकी जमलं. बाईंनी ते ओळखलं. “चित्र सोडलंत, शब्द धरलेत,” त्या म्हणाल्या. तपासणीच्या पूर्ण अहवालात मला एवढंच वाक्य उपयोगी पडलंय, आणि ते अहवालात नाही.

त्यानंतर मी मेंदू आणि रस्ते यांच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. सावकाश वाचते, एक पान दोनदा. पण वेळ आता होता. नोकरी त्याच महिन्यात सुटली. साहेबांनी सोड म्हटलं नाही, मीच सोडली. जिना भिंतीत गेलेला बरा, पुढच्या वेळी बीम गेला असता तर?

१९७१ साली जॉन ओकीफ यांना उंदरांच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पसमध्ये, अशा पेशी सापडल्या की ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की पेटतात. ही पेशी या कोपऱ्याची, ती त्या कोपऱ्याची. पुढं २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेनं शेजारच्या भागात जाळीच्या पेशी दाखवल्या. उंदीर मोकळ्या जागेत फिरत असताना त्यांतली एकेक पेशी ठरावीक अंतरावर पेटते, आणि ते ठिपके जोडले तर षटकोनांची जाळी तयार होते. म्हणजे मेंदूत ग्राफपेपर असतो! तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. हे वाचलं त्या दिवशी मी एकटीच स्वयंपाकघरात हसत होते.

आणि अजून एक जात आहे, डोकं कुठल्या दिशेला वळलंय ते सांगणाऱ्या पेशींची. डोकं एका दिशेला असलं की एक पेटते, वळलं की दुसरी. उत्तरेचा बाणच म्हणायचा, फक्त त्याला लोहचुंबकाशी काही देणंघेणं नाही. तो बाण खुणांना बांधलेला असतो. उंदराच्या खोलीतली ठळक खूण सरकवली तर डोक्यातला बाणही तिच्याबरोबर फिरतो. या पेशी जिथे सापडतात त्यांत मेंदूच्या मध्याशी असलेल्या थॅलॅमसचा एक भाग आहे, आणि एमएसमध्ये थॅलॅमस लवकर आक्रसायला लागतो. एमएसच्या माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले तेव्हा हिप्पोकॅम्पसमधलंही मायलिन गेलेलं आढळलंय. माझ्या कुठल्या ठिपक्यानं नेमकं काय नेलं, हे फिल्म बघून कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनी तसा आव आणला नाही, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

माझ्या पुरतं मला मात्र लंडनच्या ड्रायव्हरांनी समजावलं. तिथल्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी हजारो गल्ल्या तोंडपाठ कराव्या लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली सोळा टॅक्सीवाल्यांचे मेंदू स्कॅन केले, तर हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. काही वर्षांनी त्यांनी टॅक्सीवाल्यांची तुलना बसड्रायव्हरांशी केली. गर्दी तीच, शहर तेच, दिवसभर स्टिअरिंग दोघांच्याही हातात. तरी टॅक्सीवाल्यांचा तो भाग बसवाल्यांपेक्षा भरलेला. कारण बस ठरलेल्या वाटेनं जाते. टॅक्सीवाल्याला दर फेरीला गावाचं छप्पर उचलून बघावं लागतं.

मी रिक्षा होते, आता केएमटी झालेय.

असं म्हटल्यावर मला बरं वाटलं, का ते नीट सांगता येत नाही. केएमटी, म्हणजे आमच्या गावची सिटी बस, काही वाईट नाही. ठरलेल्या रस्त्यानं जाते, ठरलेल्या थांब्यावर थांबते, आणि रस्ता खोदलेला असला की तिची पंचाईत होते. माझंही तेच. घरातून निघून मंडईत, मेडिकलात, आत्तींच्या भजनाला जायच्या वाटा मला येतात. मंडईतून थेट मेडिकलात जायला सांगितलं तर येत नाही. आधी घरी यायचं, मग नवीन निघायचं. नवरा सुरुवातीला म्हणायचा, “अगं, मागच्या बाजूलाच आहे की.” मागची बाजू हीच तर अडचण आहे. मागच्या बाजूला काय असतं, हे कळायला नकाशा लागतो.

चालण्याचंही एक आहे. पूर्वी पाय आपले आपण चालायचे. आता डावा पाय उचलायला थोडं लक्ष द्यावं लागतं, आणि लक्षाची पिशवी एकच. पायाला दिलं की रस्त्याला उरत नाही. चालताना कुणी बोललं तर मी थांबते, ऐकते, उत्तर देते, मग चालते. माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या बाईला रंकाळ्याची फेरी म्हणजे शिक्षा वाटत असणार. उन्हाळ्यात तर अकरानंतर मी बाहेरच पडत नाही. पाचव्या गल्लीत मार्चचं दुपारचं ऊन होतं, हे मागाहून जुळलं.

विचारांचा वेगही तसाच. अक्कल गेलेली नाही, उशिरा येते. नणंदेनं काही लागट बोललं तर तिला द्यायचं झणझणीत उत्तर मला सुचतं, पण ती कोडोलीला घरी पोचल्यावर. घरात यामुळे शांतता वाढलीय.

आता आत्तींबद्दल. माझी सासू अठ्ठ्याहत्तर वर्षांची, माहेर शुक्रवार पेठ, सासर मंगळवार पेठ. उत्तर-दक्षिण हे शब्द तिनं कधी वापरलेले मी ऐकले नाहीत. मी नवी नवरी होते तेव्हा तिचे पत्ते ऐकून मला हसू यायचं. “हितनं गेलीस की तालीम लागती. तालमीला उजव्या हाताला ठेवायची. फुडं पिंपळाचा पार येतोय, त्यो मागं टाकायचा. मग पिठाच्या गिरणीचा वास आला की बोळात शिरायचं.” वासावरून वळायचं! मी तेव्हा मनात म्हणायचे, बाई, एक कागद दे, दोन रेघांत काढून देते.

आता तेच पत्ते मी फोनवर रेकॉर्ड करून घेते. त्यांत नकाशा नाहीच, म्हणून ते मला चालतात. एकेक खूण हाताला धरून पुढच्या खुणेपाशी सोडते. ‘मागं टाकायचा’ हा शब्द तर किती नेमका आहे! झालं, संपलं, आता ते लक्षात ठेवायची गरज नाही. पुण्याच्या बाई म्हणाल्या होत्या तेच, चित्र सोडून शब्द धरायचे. आत्तींना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, “मग आमी काय येगळं करत हुतो?”

दिशांपैकी एकच तिला पक्की माहीत आहे. अंबाबाईचं तोंड पश्चिमेला. किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि तीन दिवसांत पायापासून चढत चढत तोंडापर्यंत जातात, नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत. ती म्हणते, देवीकडं बघून उभं राहिलं की आपल्या पाठीला पश्चिम. एवढं लक्षात ठेवलं की झालं. मी ठेवलंय. देवळात उभी असले तर मला चारही दिशा बिनचूक सांगता येतात. देवळाबाहेर पडले की गेलं.

चिरंजीवांनी फोनवर नकाशा लावून दिला होता. आधी मला वाटलं, हे तर माझ्याच धंद्यातलं. पण उत्तर वर ठेवलेला नकाशा बघून मी जागेवरून हलूच शकले नाही. कागद एकीकडं, मी दुसरीकडं तोंड करून, आणि मनात फिरवून घ्यायचं म्हटलं की कागदही फिरतो, मीही फिरते. मग त्यानं काहीतरी दाबलं आणि मी वळेन तसा नकाशा वळायला लागला. ते जमलं. म्हणजे बाण कायम माझ्या नाकाच्या दिशेला. आयुष्यभर घरांना उत्तर दाखवली आणि शेवटी ‘पुढं’ एवढी एकच दिशा उरली. पेठांच्या बोळात मात्र तो नकाशाही गोंधळतो. तिथे आत्तीच खऱ्या.

खुणांवर जगायचं म्हटलं की खुणा टिकायला पाहिजेत. खासबाग मैदानाला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह माझी मोठी खूण होती. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ चं. त्याला बघितलं की मला घराची वाट उलगडायची. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. सगळं कोल्हापूर हळहळलं, माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. मीही रडले. चार दिवसांनी तिथून जाताना मात्र मला वेगळंच कळलं. जळक्या भिंती, वर मोकळं आभाळ, भोवती बंदोबस्त. ती आकृती माझ्या ओळखीची नव्हती, आणि तिच्याबरोबर पुढचा रस्ताही ओळखीचा राहिला नाही. लोकांचं नाट्यगृह गेलं होतं, माझं एक वळणही गेलं. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. शोभलं नसतं.

नवीन खूण बसवायला मला दोन महिने लागले. रोज एकदा जायचं, त्याच वेळी, त्याच बाजूनं. मी एक विजेचा खांब आणि एक रंगीत शटर धरलं. शटरवाल्यानं रंग बदलू नये एवढीच इच्छा.

मेंदू असं पर्यायी काहीतरी करत राहतो, हे खरं आहे. स्कॅनमध्ये दिसतं की तेच काम करताना एमएसच्या काही माणसांच्या मेंदूतले जास्तीचे भाग पेटतात, इतरांना जे एका वाटेनं जमतं ते यांना चार वाटांनी करावं लागतं. कोल्हापूरच्या माणसाला हे समजवायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकोणचाळीस फुटांवर गेलं की इशारा, त्रेचाळीसला धोका, हे इथे शाळेतल्या पोराला पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी हायवेवर आलं आणि पुण्याची वाट दिवसेंदिवस बंद राहिली. ज्याला जाणं भागच होतं तो कुठून कुठून फिरून गेला. पोचलाही असेल. पण पोचल्यावर त्याला विचारा, काय अवस्था होती. संध्याकाळी सात वाजता माझी ती अवस्था असते. दिवसभर काय केलं, तर मंडईत जाऊन आले.

घरी बसून मी आता एस्टिमेट करून देते. विटा किती, सिमेंटची पोती किती, सळी किती. ओळी सरळ खाली जातात, कुठे वळायचं नसतं. साहेबांच्या ऑफिसातून कागद येतात, तोच पोरगा आणून देतो. प्लॅन वर असतो, त्याच्या कोपऱ्यात बाण असतो. कुणी नव्या मुलीनं काढलेला, जरा जाडच काढते ती.

परवा संध्याकाळी आत्तींची औषधं घेऊन येत होते. मिरजकर तिकटीला एका गाडीतून आलेल्या कुटुंबानं मला थांबवलं. भवानी मंडप कुठं विचारलं. बाई सोलापूरकडच्या वाटल्या, मागं दोन मुलं पेंगुळलेली. मी थांबले, पाय थांबले की डोकं चालतं. म्हटलं, “सरळ जावा. बिंदू चौक लागतोय, जुन्या तटाची भिंत दिसंल. तिथनं डाव्या हाताला वळायचं, मग विचारायची गरज न्हाई, गर्दीच घेऊन जाईल.” बाई म्हणाल्या, “किती छान सांगितलंत हो.” गाडी गेली. मीही जरा खूश झाले.

आणि मग कळलं की त्यांच्याशी बोलताना मी गाडीच्या खिडकीकडं वळले होते, आणि आता तीन रस्ते समोर होते. तिकटीला तीनच असतात. मी कुठल्यातून आले होते, आणि कुठल्यात जायचं होतं? पिशवीत औषधं. शटर दिसेना. विजेचे खांब सगळीकडं होते.

रिक्षावाला जवळ येऊन थांबला. “कुठं सोडू, काकू?”

“मंगळवार पेठ.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं, आणि हसला. “मंगळवार पेठेतच उभ्या हाईसा की.”

“माहीत हाय,” मी बसत म्हटलं. “दमलो ओ जरा. सोडा तरी पण.”